सहीची प्रत कुणाच्या ताब्यात?

राजकीय नेत्यांच्या आत्मकथनांच्या पहिल्या आवृत्त्या जमवणारा एक वर्ग आहे. प्रतीवर लेखकाची सही असली की भाव चढतो. नेहरूंचे आत्मचरित्र १९३६ साली लंडनमध्ये निघाले. त्याची सहीची प्रत पैसेवाला मिळवू शकतो. बाबासाहेबांच्या आठवणींची तशी प्रत मात्र कुणालाच मिळणार नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ही पुस्तिका १९९० साली प्रसिद्ध झाली, महापरिनिर्वाणानंतर ३४ वर्षांनी. सही करायला लेखक होतेच कुठे?

त्याच १९३६ साली बाबासाहेबांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ स्वखर्चाने छापले. प्रती १५००, किंमत आठ आणे. दोन महिन्यांत सगळ्या संपल्या. पुस्तक लोकांनी वाचावे म्हणून ते छापले होते, तिजोरीत ठेवण्यासाठी नव्हे.

तरीही सहीचे मोल आहे, कारण सही हा पुरावा आहे. ३० वर्षे जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून आला, तर त्यावरील सही खरी मानण्याची मुभा कायदा न्यायालयाला देतो. भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. म्हणजे मुद्दा ताब्याचा आहे.

बांधवांनो, आजोबा-पणजोबांच्या पेटीत बाबासाहेबांच्या सहीचे पुस्तक असेल तर ते दलालाला विकू नका, रद्दीत घालू नका. सहीच्या पानाचा फोटो काढा. प्रत कुणाला, कधी, कशी मिळाली ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवा. मग रीतसर पोचपावती घेऊन ती सार्वजनिक ग्रंथालयाला द्या. आपला इतिहास पाहायला उद्या आपल्याच पोरांना कुणा शेठजीची परवानगी मागावी लागू नये.