एका गाठोड्यातील तीन विमे

गेल्या महिन्यात एका वाचकभगिनींनी दूरध्वनीवरून एक प्रश्न विचारला. त्यांचे चिरंजीव अमेरिकेत, न्यू जर्सी येथे राहतात. तेथे घराचा आणि मोटारीचा विमा एकाच कंपनीकडे उतरविला की हप्त्यात सवलत मिळते, असे त्यांनी आईला कळविले होते. ‘‘आपल्याकडे घर आहे, मोटार आहे, दोन स्कूटर आहेत, शिवाय दुकान आहे. मग हे सगळे एकत्र का बांधू नये?’’ असा त्यांचा सरळ प्रश्न होता.

प्रश्न रास्त आहे. घाऊक घेतले की भाव कमी लागतो, हे व्यापारी कुटुंबाला कोणी शिकवावे लागत नाही. मात्र या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी मला माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे.

माझ्या धाकट्या भावाचे सांगलीत भुसार मालाचे दुकान आहे. आठ-दहा वर्षांपूर्वी त्याचे घर, दुकान आणि मोटार यांचे विमे तीन निरनिराळ्या ठिकाणी होते. मी तेव्हा बँकेच्या सेवेत होतो. एका विमा प्रतिनिधीने तिन्ही विमे आपल्याकडे आणल्यास सवलत देऊ केली. मी हिशेब मांडला; वर्षाला सुमारे अकराशे रुपये वाचत होते. मी भावाला होकार द्यायला सांगितले. त्यानंतर दरवर्षी हप्त्याची रक्कम तेवढी मी पाहत असे. आतील कागद मी पाहिले नाहीत आणि मी पाहिले असतील या विश्वासाने त्यानेही ते उघडले नाहीत.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. बाजारपेठेत पाणी शिरणार हे दिसू लागताच भावाने रात्रीतून शंभर-सव्वाशे पोती साखर व डाळी उपनगरातील राहत्या घराच्या तळमजल्यावर हलविल्या. मोटार मिरजेला नातेवाइकांकडे नेऊन ठेवली. मोटार वाचली. घर मात्र सुरक्षित ठरले नाही. दुसऱ्या दिवशी तेथेही कमरेइतके पाणी आले आणि सव्वातीन लाखांचा माल हातचा गेला.

पाहणीसाठी आलेले सर्वेक्षक सभ्य गृहस्थ होते. त्यांनी दोन्ही विमापत्रे समोर ठेवली आणि एवढेच म्हणाले, ‘‘माल व्यापाराचा आहे आणि पत्ता घराचा आहे.’’ घराच्या विम्यात घरगुती सामान धरले होते, विक्रीचा माल नव्हता. दुकानाच्या विम्यात माल धरला होता, पण फक्त दुकानाच्या पत्त्यावर. दुकानात मागे राहिलेल्या मालाची भरपाई यथावकाश मिळाली. जो माल वाचविण्यासाठी धडपड केली, त्याचा एक रुपयाही मिळाला नाही. भाऊ मला दोष देणारा नाही. तो फक्त म्हणाला, ‘‘अण्णा, तुम्ही बघितलंय म्हणून मी वाचलंच नाही.’’ हे वाक्य मी अद्याप विसरलेलो नाही.

तीन विमे एका गाठोड्यात बांधले होते, तरी त्यांच्यामधली फट तशीच राहिली होती. म्हणून वाचकभगिनींना माझे उत्तर असे : विमे एकत्र घेण्यापूर्वी ते एकत्र वाचा. खरी बचत बहुधा तेथेच सापडते आणि खरा धोकाही तेथेच दिसतो.

प्रथम सवलतीचा विचार करू. आपल्याकडे आगीच्या आणि मोटारीच्या विम्याचे दर पूर्वी टॅरिफ ॲडव्हायझरी कमिटी ठरवीत असे; त्यामुळे कंपन्यांना सवलतीस फारसा वाव नव्हता. १ जानेवारी २००७ पासून हे बंधन उठले आणि घर, दुकान व मोटार यांवर एकत्रित सवलत देणे कंपन्यांना शक्य झाले. परंतु मोटारीच्या हप्त्याचे दोन भाग असतात, हे ध्यानात ठेवावे. आपल्या वाहनामुळे दुसऱ्याच्या जिवाचे वा मालमत्तेचे जे नुकसान होईल, त्याचा थर्ड पार्टी विमा मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरविते. २०२२ साली जाहीर झालेल्या दरानुसार १००० ते १५०० सीसी क्षमतेच्या खासगी मोटारीस तो वर्षाला ३,४१६ रुपये होता. या भागावर कोणतीही कंपनी सवलत देऊ शकत नाही. सवलत मिळते ती आपल्या स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या विम्यावर, म्हणजे दुसऱ्या भागावर.

समजा, हा दुसऱ्या भागाचा हप्ता ८,००० रुपये आहे. एकत्र विम्याबद्दल दहा टक्के सूट मिळाली तर ८०० रुपये वाचतात. आता याच्या शेजारी नो क्लेम बोनस ठेवून पाहा. एक वर्ष दावा केला नाही तर याच हप्त्यात २० टक्के सूट मिळते. पुढे ती २५, ३५, ४५ अशी वाढत पाच दावारहित वर्षांनंतर ५० टक्क्यांवर जाते. म्हणजे ४,००० रुपये. मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केले नाही, तर हा साठवलेला बोनस पूर्ण बुडतो. तसेच अडीच हजारांच्या खरचटण्यासाठी दावा केला, तर पुढील वर्षी चार हजारांची सूट हातची जाते. असा किरकोळ खर्च स्वतः सोसणेच शहाणपणाचे.

हा बोनस वाहनाचा नसून मालकाचा असतो. कंपनी बदलली तरी तो आपल्याबरोबर येतो. जुनी मोटार विकताना कंपनीकडून बोनसचे प्रमाणपत्र घेतले, तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या नव्या मोटारीस तो लावता येतो. अनेक कुटुंबांत जुन्या मोटारीबरोबर हा बोनसही विस्मृतीत जातो.

दुसरी बचत अपघात विम्याची. वाहनाचा मालक स्वतः ते चालवीत असता अपघातात मृत्यू पावला किंवा कायमचा अपंग झाला, तर त्यासाठी १५ लाख रुपयांचे संरक्षण आवश्यक केलेले आहे. २०१८ साली त्याचा वार्षिक हप्ता ७५० रुपये ठरविण्यात आला होता. जानेवारी २०१९ पासून हा विमा वाहनाच्या विमापत्रापासून वेगळाही घेता येऊ लागला. एका व्यक्तीच्या नावावर मोटार आणि दोन स्कूटर असल्या, तरी हे संरक्षण एकदाच पुरते. निदान १५ लाखांचा स्वतंत्र अपघात विमा आधीच असेल, तर तेही लागत नाही. तरीही तिन्ही वाहनांच्या विमापत्रांत तीनदा हप्ता भरलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. तिन्ही कागद शेजारी ठेवल्यावाचून ही गोष्ट लक्षात येत नाही.

याच ठिकाणी व्यापारी कुटुंबांसाठी एक सावधगिरीची सूचना. पुष्कळदा मोटार भागीदारी संस्थेच्या किंवा कंपनीच्या नावावर असते. अशा वाहनास मालक-चालकाचे हे संरक्षण लागूच होत नाही, कारण मालक ही व्यक्ती नसून संस्था आहे. मोटार चालविणारे मात्र आपले चिरंजीव किंवा आपण स्वतः असतो. अशा घरांत प्रत्येक चालविणाऱ्याचा स्वतंत्र अपघात विमा असणे अगत्याचे आहे.

आता घराकडे वळू. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांनी ‘भारत गृह रक्षा’ हे प्रमाणित विमापत्र देणे बंधनकारक आहे. त्यामुळे मूळ संरक्षण सर्वत्र सारखे असून दराची तुलना करणे सोपे झाले आहे. यातील विमा रक्कम घराच्या बाजारभावावर ठरत नाही, बांधकामाच्या खर्चावर ठरते. जमिनीचे मोल त्यात धरत नाहीत. ७० चौरस मीटर चटई क्षेत्राचे घर असेल आणि बांधकामाचा खर्च चौरस मीटरला २५,००० रुपये धरला, तर विमा रक्कम साडेसतरा लाख होते. बाजारात त्याच घराला ऐंशी लाख मिळतात म्हणून ऐंशी लाखांचा विमा उतरविला, तर हप्ता मात्र वाया जातो. घराच्या विम्याबरोबर आतील सामानास विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळते. वरील उदाहरणात ते साडेतीन लाख होईल.

मात्र दोन गोष्टी यात गृहीत धरू नयेत. दागिने व मौल्यवान वस्तू यांसाठी वेगळे संरक्षण मागून घ्यावे लागते. आणि नेहमीची घरफोडी या मूळ विम्यात येत नाही; आग, पूर अशा आपत्तीमुळे ओढवलेली आणि त्यानंतर सात दिवसांच्या आत झालेली चोरीच तेवढी येते. घरफोडीचा विमा निराळा घ्यावा.

घरावर कर्ज असेल तर आणखी एक कागद तपासावा. बँक कर्जाबरोबर घराचा विमा उतरविते, पण पुष्कळदा तो कर्जाच्या रकमेएवढाच असतो. काही कुटुंबे तो विसरून दुसराही विमा घेतात. विमा हा नुकसानभरपाईचा करार आहे. एका नुकसानाबद्दल दोन कंपन्यांकडून दुप्पट रक्कम मिळत नाही. दोन्ही मिळून नुकसानाएवढेच देतात. तारण मालमत्तेचा विमा असावा ही बँकेची अट योग्य आहे, परंतु तो अमुकच कंपनीचा असावा असा आग्रह तिला धरता येत नाही. तेव्हा पुरेशा रकमेचा एकच विमा घ्यावा आणि त्यावर बँकेच्या हिताची नोंद करावी.

दुकानाच्या बाबतीत सर्वांत महाग पडणारी काटकसर म्हणजे मालाची रक्कम कमी दाखविणे. चाळीस लाखांचा माल असता वीस लाखांचाच विमा उतरविला आणि दहा लाखांचे नुकसान झाले, तर दहा लाख मिळत नाहीत. पाचच लाख मिळतात. कारण निम्म्या मालाचा विमा आपण स्वतःच घेतला, असे विमा कंपनी मानते. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी असलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या विमापत्रात १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ केली जाते. त्याहून अधिक तूट माफ होत नाही. सणासुदीच्या तोंडावर माल दुप्पट भरणाऱ्या दुकानदाराने वर्षाच्या सरासरीवर नव्हे, तर त्या भरलेल्या दिवसांवर नजर ठेवून रक्कम ठरवावी.

आणि माल ज्या ज्या ठिकाणी ठेवला जातो, ते प्रत्येक ठिकाण विमापत्रात लिहिलेले असावे : दुकान, गोदाम, आणि घराची एखादी खोली वापरात असेल तर तीसुद्धा. अनेक ठिकाणच्या मालासाठी एकच विमा रक्कम ठेवण्याची फ्लोटर ही सोय असते. खऱ्या अर्थाने एकत्र बांधण्यासारखा विमा हाच आहे. माल तात्पुरता हलविल्यास संरक्षण राहते काय, राहिल्यास किती, हेही लेखी विचारून घ्यावे. पाणी चढत असताना हा प्रश्न विचारायला कोणालाही उसंत नसते.

वाचकांसाठी थोडक्यात कृती सांगतो. पाडव्याला आपण नवी वही उघडतो, तेव्हा तिचे एक पान विम्यासाठी राखून ठेवावे. त्यावर पाच रकाने आखावेत : कशाचा विमा, कोणाच्या नावाने, कोणत्या पत्त्यावर, किती रकमेचा आणि कोणत्या तारखेपर्यंत. घर, दुकान, गोदाम, प्रत्येक वाहन व प्रत्येक व्यक्तीचा अपघात विमा, सर्व या एका पानावर यावेत. मग ते पान कुटुंबातील किमान दोघांनी, शक्यतो एकत्र बसून, वाचावे. जेथे एकच गोष्ट दोनदा लिहिलेली दिसेल, तेथे पैसा वाचेल. जेथे काहीच लिहिलेले नसेल, तेथे तो खर्च करावा लागेल. एवढे झाल्यावर तीन विमे एका कंपनीकडे नेऊन सवलत मिळत असेल, तर ती आनंदाने घ्यावी; परंतु दोन कंपन्यांचे दर आणि अटी शेजारी मांडून मगच.

गेल्या पाडव्याला मी सांगलीस होतो. भावाने नवी वही पुढे केली. विम्याचे पान त्याने स्वतः लिहिले होते आणि पत्त्याच्या रकान्यात दुकान, गोदाम व घराचा तळमजला अशा तीन ओळी होत्या. हप्ता पूर्वीपेक्षा थोडा वाढला आहे. अकराशे रुपयांची ती सवलत आता मिळत नाही. मी पान वाचून त्याच्याकडे परत दिले, तर तो म्हणाला, ‘‘अण्णा, माझं वाचून झालंय. आता तुम्ही पुन्हा एकदा वाचा.’’ मी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.