घरातली रात्रपाळी
तारापूर एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्याच्या घरी दिवसा कुकरची शिट्टीही जपून होते. बोईसरच्या अशा घरातल्या बाईची झोप मात्र कुणी जपत नाही, आणि तीही मागत नाही. ‘त्यांना न सांगता कळायला हवं’ हे मनात धरून ती राबते. कुणाला कळत नाही, राग साचत जातो आणि एखाद्या दिवशी भाजीतल्या मिठावरून फुटतो. डहाणू लोकलने पालघरहून मुंबईला नोकरीला जाणारीचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या साचलेल्या ताणाने येणाऱ्या थकव्याची, व्याख्या केली, ती फक्त नोकरीपुरती; घरातलं राबणं तिच्यात येत नाही. मला ती फार अपुरी वाटते. या रविवारी कुणी तरी घरात सरळ सांगावं : दुपारी मी दोन तास झोपणार आहे, जेवण तुम्ही वाढून घ्या.