भूत झाले कसे?

गेल्या दिवाळीत आमच्या घरी भांडण झाले, ते भाऊबीजेच्या ओवाळणीवरून नव्हे की चकल्या मऊ पडल्या म्हणूनही नव्हे. ते झाले जपानी भुतांवरून. छत्रपती संभाजीनगरास शिकणारा आमचा पुतण्या चार दिवसांसाठी जांबेला आला होता. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान आटोपले, फराळ झाला, आणि हा पठ्ठ्या माजघरात उशीला मोबाइल टेकवून जो बसला तो उठेचना. दुपारी आमच्या मातोश्री, वय वर्षे ८४, सहज त्याच्यापाशी गेल्या, तो पोराच्या डोळ्यांत पाणी!

“काहून रडायलास रे? परीक्षेत गेलास का?”

“नाही आजी. नानामी मेला.”

हा नानामी कोण, याचा उलगडा होईपर्यंत घरात दहा माणसे गोळा झाली. मग कळले की हे गृहस्थ ‘जुजुत्सू कायसेन’ नावाच्या जपानी चित्रमालिकेतले. शापांतून जन्मलेल्या भुताखेतांशी लढणारे मांत्रिक तीत आहेत, आणि नानामी हा त्यांतला एक. पूर्वी कचेरीत नोकरी केलेला, जादा वेळ काम करायला नाखूश असलेला, आणि मरतेसमयी मलेशियातल्या क्वांतानचा समुद्रकिनारा डोळ्यांपुढे आणणारा. शेजारच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला : “पोराला भूत लागलंय. मोबाइल काढून घ्या.”

हा निकाल जांबेत ऐकावा, याचे मला हसू आले. समर्थ याच गावचे. शके १५३०, म्हणजे १६०८ साली, सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी ते जन्मले आणि बाराव्या वर्षी लग्नाच्या मांडवातून निघून गेले. परंपरा सांगते की चोवीस वर्षांनी ते दारात आले तेव्हा राणूबाई अंध झाल्या होत्या. मुलाच्या हाताने त्यांना पुन्हा दिसू लागले, आणि त्या माउलीने विचारले, बाळा, ही कसली भूतविद्या शिकून आलास? त्यावर समर्थ रागावले नाहीत. त्यांनी आपले ते भूत कोणते, कुठून आले, त्याने काय काय केले, हे आईला एका पदातून सांगितले, आणि तो अर्थातच राम निघाला. भूत म्हटल्याबरोबर तोंड फिरवायचे नाही, त्याची कुळकथा विचारायची, ही या गावची रीत आहे. (खरोखरच्या पळवापळवीचे म्हणाल, तर २०२२ च्या ऑगस्टात इथल्या राममंदिरातल्या मूर्ती चोरीला गेल्या, आणि त्या नेणारी माणसेच निघाली. मूर्ती पुढे सापडल्या.)

तेव्हा मी मोबाइल काढून घेतला खरा, पण स्वतः पाहण्यासाठी. दुसरे पर्व, तेवीस भाग, प्रत्येकी वीस-बावीस मिनिटांचे. आकुतामी गेगे यांच्या, २०१८ ते २०२४ पर्यंत साप्ताहिकातून चाललेल्या चित्रकथेवरून ते बेतलेले आहे. मॅपा या चित्रसंस्थेने केले, आणि ६ जुलै ते २८ डिसेंबर २०२३ या काळात ते जपानात दाखवले गेले. पुतण्याच्या मित्रमंडळीत त्याला दहापैकी दहा गुण आहेत. मी विचारले, कशासाठी? उत्तर मिळाले : “काका, काय फायटिंग आहे!” त्या वडीलधाऱ्यांचा निकाल जितका उथळ, तितकाच हाही. एकाने न पाहता शून्य दिले, दुसऱ्याने फक्त हाणामारी पाहून दहा दिले. पैकी दुसऱ्याशी माझे भांडण अधिक आहे, कारण त्याने चांगली गोष्ट हातात असून पायदळी जाऊ दिली.

भुताच्या गोष्टीला गुण कशाचे द्यायचे, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला पोर मुंजा होतो. बाळंतपणात गेलेली हडळ होते. मागे इच्छा ठेवून मेलेला समंध होतो. आपल्याकडचे एकही भूत कारणावाचून झालेले नाही. पिंपळाखाली दचकायला होते, ते कोवळे पोर गेले म्हणून. जपानातही हेच. ‘योत्सुया कायदान’ हे १८२५ सालचे नाटक घ्या : नवऱ्याने छळलेली, फसवलेली ओइवा मरते आणि मग त्याचा पिच्छा सोडत नाही. दोनशे वर्षे लोक ते पाहत आले, ते ओइवाच्या चेहऱ्याला भिऊन, आणि तिच्या नवऱ्यासारखे नवरे ओळखून. भूत झाले कसे, हे जी गोष्ट सांगते ती मोठी. नुसते भूत दाखवते ती जत्रेतली.

या कसोटीवर ‘जुजुत्सू कायसेन’च्या दुसऱ्या पर्वाचे पहिले पाच भाग खणखणीत उतरतात. गोष्ट मागे जाते, २००६ साली. गोजो आणि गेतो, दोघे जिवलग मित्र, मांत्रिकांच्या विद्यालयात शिकणारे. गेतोची विद्या अशी की पकडलेले प्रत्येक भूत त्याला गिळावे लागते, आणि त्याची चव ओकारी पुसलेल्या फडक्यासारखी. हे तो कोणालाही सांगत नाही. लोकांच्या मनातल्या विखारातून ही भुते निपजतात. लोक निपजवतात आणि हा गिळतो. पुढे रिको नावाची शाळकरी मुलगी, जिला बळी देण्यासाठीच वाढवले आहे, ती ‘मला जगायचे आहे’ असे म्हणते आणि त्याच क्षणी गोळी लागून मरते. तिच्या मरणाची वाट पाहणारा एक पंथ असतो. गोजो तिचे प्रेत उचलून आणतो, तेव्हा त्या पंथातले साधेसुधे दिसणारे स्त्रीपुरुष हसतमुखाने टाळ्या वाजवतात.

त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात. गेतोलाही येतात. वर्षभराने तो न्हाणीत उभा असतो आणि पडणाऱ्या पाण्याचा आवाज त्या टाळ्यांत मिसळत जातो. एवढ्या एका जागेसाठी दिग्दर्शक गोशोझोनो शोता यांना हात जोडावेत.

मग २००७ चा सप्टेंबर, आणि एक खेडेगाव. गावात काही अघटित घडते, आणि गावकऱ्यांनी त्याचा दोष दोन लहान पोरींवर ठेवून त्यांना पिंजऱ्यात कोंडले आहे. तोंडे सुजलेली, अंग ठेचलेले. आई माझ्याशेजारी बसून पाहत होती. ती एवढेच म्हणाली, “हे आपल्याकडचंच की.” खोटे नाही. चेटकीण म्हणून बाईला मारण्याची रीत आपल्याकडे इतकी मुरलेली की महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. आणि त्याचा वटहुकूम निघण्याआधी, २० ऑगस्टला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांना प्राण द्यावे लागले. गेतो तो पिंजरा पाहतो आणि गावातली ११२ माणसे मारून टाकतो. मुलींना घेऊन निघून जातो. खलनायक तयार झाला.

इथे मात्र मी चित्रकर्त्यांशी भांडतो. पिंजऱ्यातल्या पोरींना चेहरा आहे, गेतोला चेहरा आहे. त्या ११२ जणांपैकी दोघाचौघांना सोडले तर कोणाला चेहराच नाही. मी खेड्यात राहणारा माणूस. त्या ११२ जणांत मी असतो. माझी आई असती. गप्प बसलेले, घाबरलेले, त्या पोरींना रात्री चोरून भाकरी देणारेही कोणी असते. तेही सगळे एका झपाट्यात गेले, आणि माझ्या पुतण्याचे मित्र म्हणतात, “बरं केलं!” ज्या गोष्टीने टाळ्या वाजवणारी गर्दी किती भयंकर असते ते दाखवले, तिच्याच प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

हे आपल्याला नवे नाही. आठवा २०१९. झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’चे दुसरे पर्व सुरू झाले. तेही असेच मागे गेले होते : २०१६ च्या पहिल्या पर्वात जे अण्णा नाईक मेलेले, त्यांचे जिवंतपणीचे चरित्र. आकेरीचा तो वाडा, माधव अभ्यंकरांचा तो अभिनय! कल्पना अस्सल होती. वाड्यातली भुते कुठून आली? अण्णांच्या वासनेतून, दांडगाईतून, आणि माईंनी गिळलेल्या एकेका शब्दातून. पण महाराष्ट्राने काय केले? अण्णांना डोक्यावर घेतले. त्यांच्या हसण्याच्या नकला झाल्या, अण्णा आणि शेवंतेवर विनोद फिरले, आणि माई स्वयंपाकघरात राहिल्या. भुतांना आक्षेप घेणारे होते, अण्णांना आक्षेप घेणारे मला भेटले नाहीत. आमच्याच ओसरीवर लोक खो खो हसत, आणि आई माई पडद्यावर आल्या की उठून आत जाई. “ते मला माहीत आहे,” म्हणे.

जपानी पर्वाने आपल्या खलपुरुषाची अशी चेष्टा केली नाही, हे त्याच्या पदरात घालतो. उलट उरलेल्या अठरा भागांत, म्हणजे शिबुया स्थानकाच्या रणधुमाळीत, एक जागा अशी आहे की तिथे मागचे पाचही भाग व्याजासकट वसूल होतात. ३१ ऑक्टोबर २०१८ ची रात्र. गोजो आता सर्वांत बलाढ्य मांत्रिक. त्याला कैद करायचे तर त्याने एक मिनिट जागचे हलता कामा नये, आणि ते अशक्य. इतक्यात समोर गेतो येतो. जो आधीच मेलेला आहे, ज्याला गोजोने स्वतःच मारले आहे. ते गेतोचे शरीर असते, आत दुसराच कोणी. पण मित्राचा चेहरा पाहून गोजोच्या मनातून तारुण्याची तीन वर्षे सरकतात, आणि त्यातच ते मिनिट भरते. शक्तीने न हरणारा माणूस आठवणीने हरला. यात एकही ठोसा नाही.

यानंतर हे पर्व नादाला लागले. भुते आपटतात, इमारती कोसळतात, शहराचा एक भाग सपाट होतो, आणि मी घड्याळ पाहतो. चित्रे डोळे दिपवणारी आहेत, हे कबूल. पण त्यांची किंमतही ऐका. २०२३ च्या नोव्हेंबरात, मालिका चालू असतानाच, ती काढणाऱ्या काही चित्रकारांनी या कामाची घाई आणि त्यांची झालेली दमछाक उघडपणे मांडली होती. जादा वेळ काम नको म्हणणाऱ्या नानामीचा मृत्यू अशा माणसांनी रंगवला. पुतण्याला मी हे सांगितले, तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही.

माझे गुण विचाराल तर पहिल्या पाच भागांना नऊ, त्या एका मिनिटाला दहा, बाकीच्याला चार. लहान मुलांना ते दाखवू नये, रक्त फार आहे. पण कॉलेजातल्या मुलाजवळ बसून अवश्य पाहावे.

आईला मात्र लढायांत रस नव्हता. भाऊबीजेच्या रात्री, पुतण्या पिशवी भरत असताना, तिने विचारले, “त्या पिंजऱ्यातल्या पोरींचं पुढं काय झालं रे?”

पुतण्या चाचरला. त्या मोठ्या झाल्या. गेतोलाच बाप मानत होत्या. त्याच्या देहात शिरलेल्याला हुसकून लावा, अशी विनवणी करायला शिबुयात एका महाभुतापुढे त्या गेल्या, आणि त्याने दोघींना उभ्या उभ्या चिरून टाकले.

“किती वेळ दाखवलं?”

“थोडाच वेळ, आजी.”

“मंग पिंजऱ्यातून काढल्या तरी कशाला?” असे म्हणून ती पणत्या आत घ्यायला ओसरीवर गेली.