राखणीचे मोल

सुटी जवळ आली की घरोघरी प्रवासाची तयारी सुरू होते. तिकिटे काढली जातात, सामानाची बांधाबांध होते, आणि मग अशा एका सभासदाची आठवण होते, की ज्याचे तिकीट कोणीच काढलेले नसते. घरचा कुत्रा, मांजर किंवा अंगणातील गाय हाच तो सभासद. ‘याला कोण सांभाळणार?’ हा पहिला प्रश्न, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, ‘सांभाळणारा किती घेणार?’

गेल्या उन्हाळ्यात आम्हांस गोव्यास घरी जावयाचे होते. आमच्या म्हाताऱ्या कुत्र्यासाठी दोन ठिकाणी चौकशी केली, तो एकाची रक्कम दुसऱ्याच्या दुप्पट! वर्गात ही गोष्ट सहज निघाली, तेव्हा एक विद्यार्थी ताडकन म्हणाला, “कुत्रा एकच, दिवस तितकेच, मग दर दोन का? ही तर उघड लूट आहे!”

प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र वाटते तितके सोपे नाही.

जनावराजनावरांत भेद करावा लागतो, हे तर कायद्यानेही मानले आहे. 1871 च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यात कोंडवाड्यातून जनावर सोडविण्याचा दंड हत्तीस दोन रुपये, उंटास वा म्हशीस आठ आणे, गाय, बैल वा घोड्यास चार आणे, वासरास दोन आणे आणि शेळी-मेंढीस एक आणा असा ठरविला होता. चारापाण्याचा खर्च निराळा. जनावरागणिक दर ठरलेला, त्यात घासाघीस नाही. तरीही आपली गाय कोंडवाड्यात राहावी असे कोणास वाटते काय? तेथे चारा मिळेल, माया मिळणार नाही. दर एक करता येतो, राखण एकसारखी करता येत नाही.

आमच्या दोन राखणदारांचेही तसेच होते. एकजण दिवसातून दोनदा येऊन अन्नपाणी ठेवणार होता. दुसरा कुत्र्यास स्वतःच्या घरी नेणार, रात्री जवळ ठेवणार, वेळेवर औषध देणार, आणि दुखणे वाढल्यास पशुवैद्याकडे धावणार होता. शिवाय तो एका वेळी एकच जनावर ठेवून घेई. दहा ठेवली असती तर त्यासही स्वस्त परवडले असते. दोघांचे काम एकाच नावाचे, पण ते एक काम नव्हे.

आमच्या कोकणीत गुरे राखणाऱ्यास ‘राखणो’ म्हणतात. मराठीत त्याच्या मजुरीस ‘राखोळी’ असा जुना शब्द आहे. या राखोळीची आणखी एक बाजू आम्हांस धार जिल्ह्यातील अमझेरा गावी दिसली. 1857 च्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेले आणि 10 फेब्रुवारी 1858 रोजी इंदुरास फाशी गेलेले राणा बख्तावरसिंह यांचे हे गाव. श्रीकृष्णाने रुक्मिणीचे हरण केले ते येथील अमका-झमका देवीच्या मंदिरातून, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. विदर्भातील कौंडिण्यपूरही हाच मान सांगते. गोकुळात गुरे राखणाऱ्याची ही कथा ऐकून आमची सहल परत निघाली, तेव्हा गावाबाहेर आजचे राखणदार भेटले.

त्या भागातील कित्येक आदिवासी कुटुंबे मजुरीसाठी गुजरातेत जातात आणि शेळ्या-बैल मागे राहतात. एक आजीबाई दोन घरांच्या शेळ्या राखीत होत्या. एका घराकडून त्यांना धान्य मिळणार होते. दुसऱ्याकडून काहीच नाही, कारण ते घर त्यांच्या भावाचे होते. “आमचे लोक गेले की तो आमच्या राखील,” असे त्या म्हणाल्या. म्हणजे तेथेही मोल होतेच, फक्त ते पैशाचे नव्हते. महाराष्ट्रात शेळी अर्धलीने देतात, तेव्हा होणाऱ्या करडांत राखणाऱ्याचा निम्मा वाटा असतो. तीही अशीच रीत.

थोडे पुढे तुमच्याच वयाचा एक मुलगा दुसऱ्याची गुरे वळीत होता. मोठ्या माणसाइतकेच काम, परंतु मजुरी बरीच कमी. कारण विचारता मालक म्हणाले, “पोर तर आहे! आणि घरची गरज आहे, मिळेल तेवढे घेतो.”

येथे मात्र आमचे मन थबकले. रात्रीचे जागरण, औषधपाणी, अंगावर घेतलेली जबाबदारी यांमुळे दर वाढत असेल, तर तो भेद न्याय्य आहे. राखणाऱ्याची गरज पाहून दर उतरविला जात असेल, तर तो अन्याय आहे. आणि त्या मुलाच्या बाबतीत तर मजुरी वाढवूनही न्याय पुरा होणार नाही. 2009 च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा हक्क दिला आहे. शाळेच्या वेळी त्याची जागा वर्गात, तुमच्या शेजारी आहे.

आम्ही कुत्र्यास महाग राखणदाराकडे ठेवले. परतल्यावर त्याने कुत्र्याबरोबर एक कागदही हाती दिला. रोजच्या औषधाच्या वेळा त्यावर लिहिल्या होत्या. तरुण, निरोगी मांजर असते तर स्वस्त राखणदारही आम्हांस पुरला असता.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, दर ऐकून एकदम ‘लूट’ म्हणू नका, आणि स्वस्त मिळाले म्हणून एकदम हर्षूही नका. या पैशात राखणदार काय काय करणार, हे आधी विचारा. मग तो इतके कमी का घेतो, हेही विचारा. मुक्या जनावरास दोहोंपैकी एकही प्रश्न विचारता येत नाही. त्याच्या वतीने ते आपणच विचारले पाहिजेत.