व्यासपीठावाचून सभा

आपल्या वस्तीत सभा म्हटली म्हणजे मंडप, हार, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे आणि ध्वनिक्षेपक हे ठरलेलेच. अशा सभांनीच या समाजाला जागे केले, हे कोण नाकारील? 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यास परमपूज्य बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तीही परिषदेतच. परंतु धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबापुढे दुसऱ्या दिवसापासून जे प्रश्न उभे राहतात, ते व्यासपीठावर कोणी नेत नाही. देव्हारा उतरविला, पण सासूबाईंनी एक टाक धान्याच्या कणगीत जपून ठेवला. त्यांच्याशी भांडावे की थांबावे? शाळेच्या अर्जात धर्म कोणता लिहावा आणि जात कोणती? 1990 च्या कायद्याने अनुसूचित जातींत बौद्धांचा समावेश झाला खरा, पण दाखल्यासाठी कागद कोणते लागतात? भर मंडपात उठून हे विचारण्याचा धीर किती जणांस होईल?

संगणकाच्या क्षेत्रातील तरुणांनी यावर एक उपाय काढला. 2005 साली कॅलिफोर्नियात त्यांनी ‘बारकॅम्प’ नावाचा मेळावा भरविला. तेथे वक्ते आधी ठरलेले नव्हते. जो आला त्याने विषय फळ्यावर लिहावा आणि ज्यांना त्यात रस असेल त्यांनी त्याच्याभोवती बसावे. पुढे पुण्यातही असे मेळावे भरले. त्याहीपूर्वी, 1980 नंतरच्या दशकात, हॅरिसन ओवेन या अमेरिकन गृहस्थांनी अशीच पद्धत रूढ केली होती. मोठ्या परिषदेत खरे बोलणे चहाच्या सुट्टीत होते, हा त्यांचा अनुभव होता. ‘येथे काही शिकता वा देता येत नसेल, तर उठून दुसरीकडे जा’ हा त्यांचा नियम प्रसिद्ध आहे.

हा नियम आपल्याकडे चालेल काय? मला शंका आहे. त्या मेळाव्यांत आलेले लोक बहुधा एकमेकांस परके, शिकलेले आणि सारख्या धंद्यातले. वस्तीत समोर बसलेला मनुष्य कोणाचा तरी मामा असतो, कोणाचा सासरा असतो. त्याचे बोलणे अर्धे टाकून उठणे हा अपमान ठरतो आणि तो वर्षभर लक्षात ठेवला जातो. शिवाय अध्यक्षाची खुर्ची काढली म्हणजे समता आली, असेही नव्हे. ज्याचा आवाज मोठा, तो खुर्चीवाचूनही अध्यक्षच असतो. सून गप्प बसते, आणि तिचे मौन संमती म्हणून धरले जाते!

म्हणून व्यासपीठ काढावे, नियम मात्र काढू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ही शिकवण आपल्यास बाहेरून आणावयाची नाही. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितले होते की, भिक्खू संघाला सभेचे सारे नियम ठाऊक होते: बसण्याची व्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, इतकेच नव्हे तर गुप्त मतदानही. ज्याला मोठ्याने बोलता येत नाही, त्याचा कैवार नियमच घेतो.

शिकलेल्यांवाचून हे साधत नाही, असे म्हणणाऱ्यांनी गडचिरोलीतील मेंढा (लेखा) पाहावे. त्या गोंड गावात संगणकाचे वेड नव्हते. होते ते जंगल आणि त्यावरील हक्काचा प्रश्न. गावकऱ्यांनी अभ्यास गट चालविले. जमलेल्यांनी विषय खोदावा, माहिती काढावी, बाहेरच्या जाणकारास बोलवावे; निर्णय मात्र गटाने घ्यावयाचा नाही, तो ग्रामसभेने सर्वसहमतीने घ्यावा. चर्चा आणि निर्णय यांची ही फारकत मला मोलाची वाटते, कारण निर्णयाची धास्ती नसली की मनुष्य मोकळा बोलतो. 2009 साली या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला.

एकलहऱ्यास हे करून पाहावे. येथील औष्णिक वीज केंद्रामुळे कामगारांची वस्ती वाढली. पाळीचे काम असल्याने ठरलेल्या वेळेच्या सभेस निम्मी माणसे मुकतात. वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होतच असते. एकाने वाचावे आणि इतरांनी ऐकावे, हे चांगलेच आहे. पण वाचनानंतरचा अर्धा तास जमलेल्यांचा असावा. दाराशी एक डबा ठेवावा. प्रश्न चिठ्ठीवर लिहून त्यात टाकावा, नाव लिहू नये. ज्यांस लिहिता येत नाही त्यांनी घरच्या मुलाकडून लिहवून घ्यावे. चिठ्ठी वाचल्यावर चार-पाच जणांचे गट करावेत आणि पहिल्या महिन्यात तरी स्त्रियांचे गट निराळे असावेत. प्रत्येकाची पाळी ठरलेली. पाळी नसता बोलणाऱ्यास, मग तो वस्तीचा पुढारी का असेना, थांबविण्याचा अधिकार गटातील सर्वांत लहान व्यक्तीस द्यावा. (पुढाऱ्यांना हे रुचणार नाही, हे मी जाणतो.) वर्गणीचा आणि निवडणुकीचा विषय तेथे काढू नये, त्यास मंडळाची बैठक आहे. दाखल्यासारख्या कामाची जी माहिती मिळेल, ती एका वहीत तारखेसह उतरावी.

आणि ज्यांची रात्रपाळी असेल, त्यांच्यासाठी त्याच चिठ्ठ्या रविवारी सकाळी पुन्हा उघडाव्यात.