डॉक्टरवर रागावलेली माणसं

३१ मे २०२५, शनिवार. मध्यरात्र उलटून गेली होती आणि फोन वाजला. अशा वेळी फोन वाजला की आधी पोटात गोळा येतो. लेस्टरहून माझ्या भाचीचा मुलगा बोलत होता. "मामाआजोबा, झोपला होतात का?" आणि उत्तराची वाट न बघता, "वाट लावली हो त्यांनी. शेवटच्या भागात सगळ्याची वाट लावली."

आवाज रडवेला होता. मी उठून बसलो, चष्मा शोधला, दिवा लावला. त्याच्याकडे 'डॉक्टर हू'च्या सीझनचा शेवटचा भाग नुकताच संपला होता. आईबाबा जेवायला बसले होते आणि ह्याला जेवण जात नव्हतं.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ ला ती सुरू झाली. पहिल्या भागाचे दिग्दर्शक वारिस हुसेन लखनौचे, तेव्हा अवघे चोवीस वर्षांचे. डॉक्टर हा परग्रहावरचा प्रवासी. बाहेरून निळ्या पोलीस पेटीएवढं आणि आतून वाड्यासारखं मोठं असलेलं त्याचं यान, टार्डिस, काळातही फिरतं आणि अवकाशातही. १९६६ मध्ये मूळ नट विल्यम हार्टनेल यांची तब्येत साथ देईना, तेव्हा मालिकेच्या कर्त्यांनी एक तोडगा काढला. मरणाच्या दारात डॉक्टरचं शरीर बदलतं. चेहरा नवा, स्वभाव नवा, आठवणी मात्र त्याच. त्या एका तोडग्यावर ही मालिका माणसाच्या आयुष्याएवढी जगली आहे.

त्या रात्रीही चेहरा बदलला होता. शूटी गाटवाच्या जागी शेवटच्या क्षणी बिली पायपर उभी राहिली. २००५ साली डॉक्टरची सोबतीण रोझ झाली होती तीच. मला वाटलं, पोरगा त्यावरून चिडलाय. पण नाही. "चेहऱ्याचं काही नाही हो. बेलिंडाचं काय केलं ते बघा!"

बेलिंडा चंद्रा म्हणजे त्या सीझनमधली सोबतीण. पेशाने परिचारिका, आणि ती भूमिका केली मूळच्या केरळच्या वरदा सेतू यांनी. पहिल्याच भागात तिने डॉक्टरला सुनावलं होतं की मला न विचारता माझी तपासणी कशी केलीस. तुझ्या साहसात मला ओढू नकोस, मला घरी जायचंय, एवढंच तिचं मागणं. सीझनभर ती तेच म्हणत राहिली. आणि शेवटच्या भागात उलगडा असा केला की तिला एक लहान मुलगी आहे, आणि त्या मुलीसाठी तिला घरी जायचं होतं. आधीच्या भागांतले प्रसंगसुद्धा फिरवून तसे दाखवले. "म्हणजे तिला नुसतं स्वतःसाठी घरी जावंसं वाटलं तर चालत नाही का? तिचं काम होतं ना तिकडे?" अठरा वर्षांचा मुलगा हे मला रात्री विचारत होता. त्याच्याच नव्हे, त्या रात्री असंख्य प्रेक्षकांच्या तोंडी हाच प्रश्न होता, आणि प्रश्न रास्त होता. बाईला घर हवंसं वाटायला मूल असावंच लागतं हे त्या लेखकाला कोणी सांगितलं?

मी त्याला "अरे, मालिकाच तर आहे ती" असं म्हणालो नाही. म्हणणारही नाही. त्याच्या घरात बसूनच मी हे शिकलो.

२०१८ च्या नोव्हेंबरात मी लेस्टरला होतो. ११ तारखेच्या रविवारी, पहिलं महायुद्ध थांबल्याला शंभर वर्षं झाली त्याच दिवशी, 'डेमन्स ऑफ द पंजाब' हा भाग लागला. विनय पटेल यांनी लिहिलेला, फाळणीवरचा. ऑगस्ट १९४७. मुसलमान उम्ब्रीन आणि हिंदू प्रेम यांचं लग्न, त्यांच्या जमिनीतून गेलेली नवी सरहद्द, आणि प्रेमचा सख्खा धाकटा भाऊच जमाव घेऊन आलेला. परग्रहावरचे जीव मारेकरी वाटतात, पण ते आलेले असतात एकटं मरणाऱ्यांच्या शेवटच्या क्षणी साक्षीला उभं राहायला. डॉक्टर, तेव्हा जोडी व्हिटेकर, प्रेमला वाचवू शकत नाही. पाठ फिरवून चालू लागते, मागून गोळीचा आवाज येतो.

आमचा पोरगा तेव्हा अकरा वर्षांचा. तो सोफ्यावरून ताडकन उठला. "तिने काहीच केलं नाही! डॉक्टर असून काहीच केलं नाही!" खोलीत शेजारच्या पंजाबी घरातल्या आजी होत्या, लाहोरकडून लहानपणी आलेल्या. हातातला चहा निवून गेला होता, वर साय धरली होती. त्या हिंदीत एवढंच म्हणाल्या, तेव्हा कुणीच काही केलं नव्हतं रे. मग नेहमीचं शीर्षकसंगीत त्या दिवसापुरतं हिंदुस्थानी गळ्यातून आलं, आणि शेवटचं नाव पडद्यावरून जाईपर्यंत कुणी जागचं हललं नाही. पोराचा राग गेला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर त्याने मला विचारलं, त्या गावाचं नाव काय होतं? नकाशा काढा.

रागाच्या पोटात हे असतं. ज्याला काही वाटत नाही तो टीव्ही बंद करून झोपतो.

आता एक जुनी गोष्ट, जी मी त्याला त्या रात्री फोनवर सांगितली. १९७६ साली इंग्लंडात या मालिकेच्या चाहत्यांची रीतसर सोसायटी निघाली. त्याच वर्षी शरद ऋतूत 'द डेडली असॅसिन' ही चार भागांची कथा आली. लेखक रॉबर्ट होम्स, डॉक्टर टॉम बेकर. तोवर डॉक्टरच्या जातीचे 'टाइम लॉर्ड' म्हणजे देवासमान, दूरचे, गूढ. होम्सने ते दाखवले म्हातारे, कुरबुरणारे, खुर्चीला चिकटलेले राजकारणी. सोसायटीच्या अध्यक्षांनी झोडपून काढलं. या मालिकेची जादूच गेली, असा त्यांचा सूर होता. त्यांचं दुःख मला समजतं. इतकी वर्षं मनात जपलेली मूर्ती कुणीतरी जाहीरपणे चुलीवरच्या भांड्यासारखी काळी करून दाखवली होती.

पण पुढे काय झालं ते पाहा. त्याच कथेत होम्सने सहज एक नियम घालून दिला की टाइम लॉर्डला बाराच वेळा शरीर बदलता येतं. ज्या कथेने घात केला असं वाटलं होतं, तिच्यातला हा नियम पुढच्या चाहत्यांनी वेदवाक्य मानला. बारा म्हणजे बारा. २०१३ च्या नाताळात, तेव्हा मालिका सांभाळणाऱ्या स्टीव्हन मॉफट यांना त्या एका आकड्यातून वाट काढायला अख्खा भाग खर्ची घालावा लागला. आज सर्वोत्तम कथांची यादी काढायला बसलं की 'डेडली असॅसिन' हमखास निघते.

दुसरी गोष्ट १९८६ ची. बीबीसीच्या 'ओपन एअर' या कार्यक्रमात मालिकेच्या त्या वर्षीच्या सीझनवर बोलायला काही तरुण चाहते बोलावले होते. स्टुडिओत त्या सीझनमधल्या काही भागांचे लेखक, पिप आणि जेन बेकर हे नवराबायको बसलेले. सोळा वर्षांचा एक मुलगा त्यांच्या तोंडावर म्हणाला की कथा फार ठोकळेबाज होती. घाबरत नव्हता, उद्धटही नव्हता. त्याचं नाव ख्रिस चिबनल. बत्तीस वर्षांनी, २०१८ मध्ये, ही मालिका त्याच्याच हाती आली. पंजाबचा तो भाग त्याच्याच कारकिर्दीतला. आणि १ मार्च २०२० ला त्याने दाखवलं की डॉक्टर मुळात टाइम लॉर्डांच्या ग्रहावरची नाहीच, कुठून तरी आलेलं सापडलेलं मूल आहे, आणि हार्टनेलच्या आधीही तिचे कित्येक जन्म झाले आहेत. चाहते असे उसळले की १९८६ ची ती चित्रफीत पुन्हा पुन्हा काढून दाखवली गेली. मला यात सूड दिसत नाही. सोळाव्या वर्षी त्याने जे केलं त्याची ही परतफेड नसून ते त्याचंच पुढचं पान आहे. तक्रार करायला बसलेला मुलगाच उद्या लिहायला बसतो. पुढे मालिका लिहिणारे रसेल टी. डेव्हिस आणि मॉफट, पुढे डॉक्टर झालेले पीटर कपाल्डी आणि डेव्हिड टेनंट, सगळे याच रांगेतले. १९८९ ला बीबीसीने मालिका थांबवली आणि २००५ ला ती परत आली. मधे एक दूरचित्रवाणी-चित्रपट सोडला तर पडद्यावर जवळजवळ काहीच नव्हतं. त्या वर्षांत कादंबऱ्या लिहिल्या कुणी, ध्वनिनाट्यं काढली कुणी? याच रुसलेल्या माणसांनी. डेव्हिस यांनीही त्या काळात एक कादंबरी लिहिली आहे.

पण मला सगळ्यात जवळची वाटतात ती याहून जुनी माणसं. साठच्या दशकात टेप महाग होती, पुन:प्रक्षेपणावर बंधनं होती, जुने भाग घरी हवे तेव्हा पाहायची सोय कुणाच्या स्वप्नातही नव्हती. बीबीसीने कित्येक भाग पुसून टाकले. त्या दशकातले नव्वदहून अधिक भाग चित्ररूपात हरवले. दुसरा डॉक्टर, पॅट्रिक ट्राउटन, याची १९६६ मधली पहिली कथा 'द पॉवर ऑफ द डालेक्स' सहाच्या सहा भागांसह गेली. नवा डॉक्टर तेव्हाही पुष्कळांना रुचला नव्हता, विदूषकच वाटला होता. पण देशभरात काही घरांत काही मुलांनी टेपरेकॉर्डर लावला होता. कुणी टीव्हीला तार जोडली, कुणी स्पीकरसमोर हातात मायक्रोफोन धरून बसलं. त्या वेळात घरात कपबशी वाजू द्यायची नाही, दार लावायचं नाही, धाकट्या भावंडाने शिंकायचं नाही. अशा रेकॉर्डिंगांमुळे हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज शिल्लक आहे. त्या आवाजावर २०१६ साली ट्राउटनची ती कथा रेखाचित्रांतून पुन्हा उभी केली गेली.

हे सगळं सांगून होईतो इकडे दोन वाजले. पोरगा शांत झाला होता, पटलं मात्र नव्हतं. "पण बेलिंडाचं चुकलंच," म्हणाला. मी म्हणालो, चुकलंच.

त्याच वर्षी ऑक्टोबरात बातमी आली की बीबीसीची भागीदार डिस्ने या मालिकेतून बाहेर पडतंय आणि पुढचा भाग थेट २०२६ च्या नाताळात. मी त्याला फोन केला. मला वाटलं, खट्टू असेल. तो घाईत होता. संध्याकाळी त्याची मेल आली, सोबत तीन पानं. त्याने शेवट नव्याने लिहायला घेतलाय. त्यात बेलिंडा घरी पोचते, चपला काढते, गॅसवर पाणी ठेवते, आणि खुंटीवरचा रुग्णालयाचा गणवेश उतरवून इस्त्रीला घेते. पुढचं पान अजून आलेलं नाही.