लस आमची, भांडण त्यांचं

आम्ही टेक्सासमधली ताशी पगारावर राबणारी मराठी माणसं. कुणी नर्स, कुणी गोदामात, कुणी किराणा दुकानाच्या गल्ल्यावर. बऱ्याच जणांना इथं मताचा हक्क नाही. कर मात्र कुणाला चुकलेला नाही. तेव्हा बोलणारच.

2021 च्या नोव्हेंबरात बायडेन सरकारनं फर्मान काढलं. शंभर किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या मालकांनी कोविडची लस सक्तीची करावी, नाहीतर न घेणाऱ्यांची दर आठवड्याला चाचणी करून त्यांना मास्क लावायला लावावा. सुमारे 8 कोटी 40 लाख कामगार या टप्प्यात येत होते. अनेक राज्यं कोर्टात धावली. 13 जानेवारी 2022 ला सुप्रीम कोर्टानं सहा विरुद्ध तीन मतांनी फर्मान रोखलं. कामाच्या जागेची सुरक्षितता बघणाऱ्या खात्याला अख्ख्या समाजाचं आरोग्य हाकायचा अधिकार संसदेनं दिलेला नाही, हे कोर्टाचं म्हणणं आम्हालाही पटतं. त्याच दिवशी दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांवरची सक्ती पाच विरुद्ध चार मतांनी टिकली. आमच्यातल्या नर्सना ती मान्य होती.

पण रोखलेल्या फर्मानात आणखी एक कलम होतं. लस घ्यायला चार तासांपर्यंत भरपगारी सुट्टी, आणि नंतर ताप भरला, अंग ठणकलं तर रजा. ज्याचा एक तास बुडाला की भाड्याच्या पैशांना कात्री लागते, त्याला विचारा या चार तासांची किंमत. तेही सक्तीबरोबर वाहून गेलं. त्याबद्दल हळहळणारा एकही गव्हर्नर आम्हाला दिसला नाही.

आमचे गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी तर फर्मान निघण्याआधीच, 11 ऑक्टोबरला, खासगी मालकांनाही लससक्ती करायची मनाई केली होती. म्हणजे वॉशिंग्टनचा हुकूम नको, राज्याच्या राजधानीचा, ऑस्टिनचा चालेल! मिसिसिपीची तऱ्हा आणखी न्यारी. केंद्राच्या सक्तीविरुद्ध तिथले गव्हर्नर दंड थोपटत होते, तेव्हा त्यांच्याच राज्यात शाळेच्या लसींतून धर्माच्या कारणानं सुटका मिळत नव्हती. ती 2023 मध्ये कोर्टानं द्यायला लावली.

2025 मध्ये पश्चिम टेक्सासात गोवर पसरला. या साथीत राज्यात 762 रुग्ण निघाले, लस न घेतलेली शाळकरी वयाची दोन मुलं दगावली. तिथं वॉशिंग्टनची सक्ती नव्हती. शाळेचा नियम राज्याचा, त्यातून सूट द्यायचा कागदही राज्याचाच. गव्हर्नरसाहेब, अधिकार मागितलात, तो तुमच्याकडे आहे. आता कामाचा हिशेब द्या.

टेक्सासचं विधिमंडळ नेमानं विषम सालीच भरतं. 2027 च्या जानेवारीत आम्ही ऑस्टिनला जाणार. स्वतःच्या किंवा मुलाच्या लसीसाठी चार तास भरपगारी हवेत. काउंटीचं लसकेंद्र आठवड्यातून दोनदा तरी रात्री दहापर्यंत उघडं हवं. सूट मागणाऱ्या आईबापांशी कागदावर सही घेण्याआधी नर्सनं बसून बोलावं. बोलून झाल्यावरही नको म्हणाले, तर सही घ्यावी आणि त्यांना घरी जाऊ द्यावं.

आमच्यात यायला वर्गणी नाही. लस न घेतलेल्यांनाही दार उघडं आहे. रात्रपाळीवाल्यांनी आपल्या पाळ्या आधी कळवाव्यात, बैठकीची वेळ त्यावरून ठरेल.